कयाक सरळ का जात नाही, आणि तिला सरळ कसं नेतात

कयाकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्यानं चालवायच्या लांबट, अरुंद होडीत, पहिल्यांदा बसणाऱ्याची गत बहुधा सारखीच होते. पहिले चार-पाच स्ट्रोक झकास जातात. मग पुढचं टोक जरासं डावीकडे कलतं. तो घाईघाईनं डाव्या बाजूला दोन जोरदार स्ट्रोक मारतो, कारण डावीकडे वल्हं मारलं की होडी उजवीकडे वळते एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. पण कयाक ऐकत नाही. ती डावीकडेच वळत राहते, आणखी जोरात वळते आणि शेवटी आडवी होऊन थांबते. तोवर बरोबरचे लोक पुढे निघून गेलेले असतात. मग माणूस स्वतःची समजूत घालतो, की आपल्या उजव्या हातात जोर जास्त आहे.

हातांत फरक असतो, नाही असं नाही. पण अगदी सारख्या ताकदीचे दोन हात मिळाले तरी हेच होणार. सरळ जाणं हा कयाकचा स्वभावच नाही. लांबट वस्तू पाण्यातून पुढे ढकलली की तिला आडवं व्हायचं असतं. त्यामुळे सरळ जाणारी कयाक दिसली की समजावं, कुणीतरी तिचं मागचं टोक ताब्यात ठेवलंय. कधी ते काम तिच्या तळाचा आकार करतो, कधी एखादं पातं, कधी सामानाचं वजन, आणि बाकीच्या वेळी वल्हवणारा स्वतः. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं फिरून त्या मागच्या टोकाशीच येतं.

आडवं होण्याची ओढ

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. टबात पाणी घ्या, त्यावर लाकडी फूटपट्टी तरंगू द्या आणि मागच्या टोकाला एका बोटानं पुढे ढकला. जेमतेम वीतभर जाईल आणि फिरेल. बोट कितीही मधोमध ठेवा, फिरेलच. आता पुढच्या टोकाला दोरा चिकटवून ओढा. निमूट मागे येईल.

हे का होतं? समजा कयाक सरळ चालली आहे आणि काहीतरी निमित्त होऊन तिचं नाक थोडं डावीकडे वळलं. नाक वळलं तरी तिची चाल लगेच वळत नाही. तिचं वजन, तुमचं वजन, सगळं अजून जुन्याच दिशेनं पुढे चाललेलं असतं. म्हणजे आता ती थोडी तिरकी सरकते आहे. त्यामुळे समोरचं पाणी नाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं न लागता उजव्या बाजूवर जास्त दाबतं. उजवीकडून दाब आला की नाक आणखी डावीकडे ढकललं जातं. तिरकेपणा वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की तिरकेपणा वाढतो. मागच्या बाजूला परिस्थिती वेगळी. तिथलं पाणी होडीनं आधीच ढवळलेलं असतं, ते धरून ठेवत नाही. मागचं टोक मोकळेपणानं उजवीकडे घसरतं.

हे गणित मुळात होड्यांसाठी मांडलं गेलेलं नाही. १९२०च्या दशकात माक्स मुंक हा जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेत वायुजहाजांवर काम करत होता. सिगारच्या आकाराचा लांबलचक फुगा हवेतून जाताना जरा तिरका झाला की त्याला आडवं फिरवणारा जोर तयार होतो, हे त्यानं हिशेबानं दाखवलं. आज त्या जोराला त्याचंच नाव आहे, मुंक मोमेंट. वायुजहाजांच्या शेपटाला मोठाली स्थिर पाती जोडलेली दिसतात ती याच कारणानं. पाणी हवेपेक्षा शेकडो पट दाट आहे, पण नियम तोच.

आता त्या पहिल्या दिवसाच्या माणसाकडे परत बघा. त्यानं चूक बाजू निवडली नव्हती. त्यानं उशीर केला. नाक दोन अंश कललं असताना एक हलका स्ट्रोक पुरला असता. पंधरा अंश कलल्यावर पाण्याचा जोर त्याच्या हाताच्या जोरापुढे गेला. जुने वल्हवणारे सरळ जातात म्हणजे त्यांची कयाक कधी वळतच नाही असं नव्हे. जवळून बघितलं तर नाक प्रत्येक स्ट्रोकला थोडं इकडे, थोडं तिकडे होत असतं. ते वळण वाढायच्या आत मोडतात, इतकंच. आणि त्यांच्या स्वतःच्याही ते ध्यानात येत नाही.

वल्ह्याचा वाटा

वळणाची सुरुवात बहुतेक वेळा वल्ह्यातूनच होते. वल्हं होडीच्या मधोमध कधी पडतच नाही, ते एका बाजूला पडतं. म्हणून प्रत्येक स्ट्रोकमध्ये थोडा पुढे ढकलणारा जोर असतो आणि थोडा फिरवणारा. यातला फिरवणारा वाटा किती, हे पातं मध्यरेषेपासून किती दूर आहे त्यावर ठरतं. पातं ३० सेंटीमीटरवर असताना जितका पीळ पडतो, त्याच्या तिप्पट ९० सेंटीमीटरवर पडतो, जोर तेवढाच असला तरी. म्हणून सरळ जायचं तर वल्ह्याचा दांडा उभा धरतात, वरचा हात साधारण डोळ्यांच्या पातळीला येतो आणि पातं कयाकच्या अंगाला लागून जातं. वळायचं असेल तर दांडा आडवा पाडून पातं लांबून फिरवतात, त्याला स्वीप म्हणतात. नवखे लोक सरळ जाण्यासाठीही नकळत अर्धा स्वीपच मारत असतात. वल्हं मांडीच्या उंचीवर आडवं धरणं हाताला सोपं वाटतं ना, म्हणून.

दुसरी खोड म्हणजे स्ट्रोक फार मागेपर्यंत ओढणं. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालावं आणि कमरेपाशी बाहेर काढावं. कमरेच्या मागे गेलं की ते पाणी मागे लोटण्याऐवजी वर उचलू लागतं, आणि मागच्या टोकाला बाजूला ढकलू लागतं. मागचं टोक आधीच मोकळं, त्यात आणखी धक्का.

हीच गोष्ट उलटवून कामाला लावता येते. कयाक वळायला लागली असं वाटलं तर पुढच्या टोकाशी झुंजत बसू नये. नाकाला दोन्ही बाजूंनी पाण्यानं धरलेलं असतं, ते तिथून हलवणं महाग पडतं. स्वीपचा शेवटचा तिसरा हिस्सा, म्हणजे पातं कमरेच्या मागून शेपटाकडे येतं तो भाग, तिथे सगळी कमाई आहे. थोड्या जोरात मागचं टोक रेषेवर येतं. वल्हं शेपटाजवळ पाण्यात धरून सुकाणूसारखं वापरण्याचीही पद्धत आहे. तिनं होडी नक्की वळते, पण वेग मरतो. लाटेवरून घसरत असाल तर ती हवीच. सपाट पाण्यावर मात्र दर मिनिटाला ती वापरावी लागत असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजा.

नजरेचं एक सांगतो. पुढच्या टोकाकडे बघत वल्हवू नका. तिथे तीन-चार अंशांचा फरक कळतच नाही. दूरच्या काठावरचं एखादं झाड धरा. त्याच्या मागच्या पार्श्वभूमीवर टोक सरकलं की लगेच दिसतं आणि हात आपोआप लवकर जागे होतात.

लांबी, तळ आणि तडजोड

कयाकची लांबी एवढी का वाढवतात, याचं उत्तर लोक बहुधा वेगाच्या अंगानं देतात. तेही खरं आहे. पण सरळपणाच्या दृष्टीनं लांबीचा हिशेब जास्त मजेदार आहे. दोन कयाक सारख्याच गतीनं गरकन फिरताहेत आणि एकीची लांबी दुसरीच्या दुप्पट आहे असं समजा. लांब होडीचं टोक दुप्पट वेगानं पाणी कापतं, म्हणून तिथे पाण्याचा विरोध चौपट. तो विरोध मध्यापासून दुप्पट अंतरावर लागू होतो. आणि पाणी ढकलणारं अंगही दुप्पट लांब. चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे फिरण्याला सोळापट विरोध. लांबीनं आडवं होण्याची ओढ मिटत नाही, पण सगळं इतकं सावकाश होतं की सावरायला वेळ मिळतो.

म्हणून समुद्रातल्या कयाक साधारण पाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद असतात, आणि निवांत फिरायला घेतात त्या तीन मीटरच्या आसपासच्या, आडव्या अंगाच्या. ही दुसरी जात स्थिर असते, चढायला सोपी असते, आणि सरळ न्यायला मात्र कटकटीची. नवशिक्याला नेमकी तीच मिळते हा या खेळातला एक विनोद आहे.

लांबीखालोखाल तळाची वक्रता येते. कयाक सपाट जमिनीवर ठेवून बाजूनं बघितली तर दोन्ही टोकं थोडी वर उचललेली दिसतात. या उचलेला रॉकर म्हणतात. रॉकर जास्त म्हणजे टोकं पाण्याबाहेर, होडी जागच्या जागी भिंगरी. रॉकर कमी म्हणजे टोकं पाण्यात रुतलेली आणि वळण कष्टाचं. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता असेल तर तोही पाण्याला धरून राहतो, गोल बुडाची घसरते.

यातलं काहीच फुकट मिळत नाही. ऑलिंपिकमधल्या दोन कयाक शेजारी ठेवल्या की ते दिसतं. स्लॅलममध्ये फेसाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून उलटसुलट वळायचं असतं. तिथली एकट्याची कयाक नियमानं किमान ३.५ मीटर असावी लागते, आणि कुणी तिच्याहून फारशी लांब बांधत नाही. स्प्रिंटमध्ये ९ मीटर रुंदीच्या लेनमधून सुसाट सरळ जायचं असतं. तिथे एकट्याच्या कयाकला कमाल ५.२ मीटरची मर्यादा आहे, आणि सगळे त्या मर्यादेला टेकलेले असतात. शिवाय स्प्रिंटच्या कयाकला तळाखाली छोटंसं सुकाणू असतं, ते दोन पायांच्या मधल्या दांडीनं फिरवतात. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकपासून ही शर्यत आहे. जगातले सर्वांत तरबेज वल्हवणारे सरळ लेनमध्येसुद्धा सुकाणू लावतात, हे लक्षात असलं की आपल्या वेड्यावाकड्या रेघेचं फार वाईट वाटत नाही.

वारा आला की

आतापर्यंतचं सगळं शांत पाण्याचं झालं. वारा सुटला की खरी परीक्षा सुरू होते, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. बाजूनं वारा आला तर कयाक वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे तो नेईल तिकडे वळेल असं वाटतं. प्रत्यक्षात चालती कयाक उलट वाऱ्याकडे तोंड करते. याला वेदरकॉकिंग म्हणतात.

कारण पुन्हा तेच मागचं टोक. उभी कयाक वाऱ्यानं सगळीच्या सगळी बाजूला सरकते. ती चालू लागली की नाक समोरच्या न ढवळलेल्या पाण्यात दाबून बसतं, ते सहजासहजी बाजूला सरकत नाही. मागचं टोक ढवळलेल्या पाण्यात असतं, ते सरकतं. वारा दोघांनाही ढकलतो, पण हलतं फक्त मागचं. मागचं टोक वाऱ्याबरोबर गेलं की पुढचं वाऱ्याकडे वळणारच.

स्केगचा उपयोग इथे येतो. स्केग म्हणजे कयाकच्या तळाखाली, मागच्या बाजूला असलेलं एक पातं. ते डावी-उजवीकडे वळत नाही, फक्त वर-खाली होतं. बाणाच्या शेपटाला पिसं लावतात, त्या पिसांचं काम ते करतं. पातं खाली केलं की मागचं टोक पाण्यात रुततं आणि वाऱ्याबरोबर घसरणं थांबतं. गंमत अशी, की पूर्ण खाली केलं तर पारडं उलट बाजूला झुकतं. आता मागचं टोक घट्ट आणि नाक त्या मानानं मोकळं, म्हणून कयाक वाऱ्याकडे पाठ फिरवू लागते. मधे कुठेतरी अशी एक जागा सापडते, जिथे ती दोन्हीकडे वळत नाही. ती जागा वाऱ्याच्या जोरावर आणि तुमच्या वेगावर ठरते, म्हणून स्केग हे चालू-बंद करायचं बटण नाही. कॉकपिटजवळच्या, म्हणजे बसायच्या जागेजवळच्या सरकपट्टीनं ते बोटबोटभर खालीवर करत राहायचं असतं.

स्केगचा शत्रू म्हणजे गोटा. खडेगोट्यांच्या किनाऱ्यावरून कयाक घसरवत पाण्यात उतरवली की एखादा वाटाण्याएवढा दगड स्केगच्या खाचेत जाऊन बसतो. मग पाण्यात गेल्यावर सरकपट्टी कितीही ढकला, पातं जागचं हलत नाही. जास्त जोर केला तर आतली तार वाकते आणि दुरुस्ती वाढते. म्हणून बरेच जण पात्याच्या टोकाला बारीक भोक पाडून त्यात दोरीचा तुकडा ओवून ठेवतात. पातं अडकलं की सोबतच्यानं मागून येऊन ती दोरी ओढायची. किंमत काहीच नाही, आणि वाऱ्यात तास वाचतात.

सुकाणूचं काम वेगळं. ते मागच्या टोकाला असतं, डावी-उजवीकडे वळतं आणि पायातल्या पेडलनं चालतं. ते फक्त वळण्यासाठी आहे असं लोक धरून चालतात. समुद्रावर त्याचा जास्त उपयोग वाऱ्यात सरळ राहण्यासाठीच होतो. दोघांच्या लांब, जड कयाकमध्ये ते असलेलं बरं, नाहीतर मागचा आणि पुढचा यांच्यात वाद होतात. एकट्याच्या कयाकमध्ये मात्र मी स्केगच्या बाजूचा आहे. सुकाणूच्या जुन्या पद्धतीत अख्खं पेडल सरकतं, त्यामुळे पाय रोवायला भक्कम जागा राहत नाही. आणि चांगला स्ट्रोक पायातून येतो. नव्या रचनेत पाऊल स्थिर राहतं आणि फक्त पंजा हलतो, तिथे ही तक्रार उरत नाही. तरी भर लाटांत मागचं टोक हवेत उचललं गेलं की सुकाणूही हवेत असतं, आणि ज्याला एजिंग येत नाही तो अडकतो.

एजिंग म्हणजे कमरेतून कयाक एका कडेवर कलती करणं, आपलं धड सरळ ठेवून. कलती केली की पाण्याखालचा आकार दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. खाली गेलेली बाजू जास्त फुगीर होते, टोकांची पकड सुटते आणि कयाक दाबलेल्या कडेच्या विरुद्ध दिशेला वळू लागते. उजवीकडून वारा असेल तर ती उजवीकडे वळायला बघते. अशा वेळी उजवी कड दाबायची आणि उजव्याच बाजूला थोडा रुंद स्ट्रोक घ्यायचा. दोन्हींचा परिणाम एकच, नाक डावीकडे. शिवाय लाटाही उजवीकडूनच येत असतात, त्यामुळे त्या बाजूला कललेलं असणं हे सुरक्षितही असतं.

वजनाबद्दल थोडक्यात. सामान पुढच्या खणात कोंबलं की नाक खोल आणि शेपूट हलकं होतं. अशी कयाक वाऱ्याकडे हटकून वळते, आणि मागून लाट आली की नाक खुपसून आडवी होते. सामान मागे जास्त झालं तर उलट त्रास, तिला वाऱ्याकडे वळवताच येत नाही. मागचं टोक किंचित जड असलेलं बहुतेकांना मानवतं. स्केग खाली करूनही भागत नसेल तर पाण्याची बाटली पुढून मागे हलवून बघा.

हे सगळं ज्यांनी आधी ओळखलं त्यांच्याकडे प्लॅस्टिक नव्हतं. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरचे इन्युइट आणि अल्यूट लोक वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा बांधत आणि त्यावर सीलसारख्या समुद्री प्राण्यांचं कातडं शिवत. लांब, अरुंद, एकेका माणसाच्या अंगाला बेतलेल्या त्या कयाक मुळातच सरळ जाणाऱ्या होत्या. तरीही ग्रीनलंडमध्ये बंदूक आल्यावर काही शिकारी मागच्या टोकाला लाकडी पातं बांधू लागले. वल्हं ठेवून बंदूक उचलेपर्यंत नाक सीलवरून हलू नये म्हणून.

नाक तिरकं, वाट सरळ

एक फरक राहिला. पाण्यावर सरळ जाणं आणि जमिनीच्या हिशेबानं सरळ जाणं या दोन गोष्टी आहेत. पाणी स्वतःच वाहत असेल तर नाक अगदी रेषेत ठेवूनही तुम्ही भलतीकडे पोचता.

४०० मीटर रुंद नदी घ्या. प्रवाह डावीकडून उजवीकडे, ताशी ३ किलोमीटर. तुमचा वेग ताशी ५. समोरच्या काठाकडे काटकोनात नाक धरून निघालात तर ४.८ मिनिटांत पोचाल, पण २४० मीटर खाली. प्रवाहाला पुरून उरायचं तर नाक सुमारे ३७ अंश डावीकडे, वरच्या अंगाला वळवून वल्हवायचं. मग तुमच्या ५ पैकी ३ प्रवाहाशी फिटतात, नदी ओलांडायला ताशी ४ उरतात, आणि बरोबर ६ मिनिटांत तुम्ही नेमके समोर उतरता. काठावरून बघणाऱ्याला कयाक खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते, पण तिची वाट सरळ असते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि आपण सगळे आधी तोच करतो. ठरवलेल्या जागेवर नजर ठेवून नाक सतत तिच्याकडेच वळवत राहायचं. प्रवाह खाली नेत राहतो, आपण नाक थोडं थोडं वर वळवत राहतो, वाट कमानीसारखी वाकते आणि शेवटचा टप्पा जवळजवळ प्रवाहाविरुद्ध चढावा लागतो.

हे टाळायला कोन मोजण्याची गरज नाही. समोरच्या काठावर एकामागे एक अशा दोन खुणा निवडा. पुढे एखादा खडक, त्याच्या बराच मागे एखादं झाड. दोन्ही एका रेषेत दिसताहेत तोवर वाट सरळ आहे, नाक कुठेही असो. खडक झाडाच्या डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही उजवीकडे वाहताय, नाक अजून डावीकडे घ्या. उजवीकडे सरकला तर जास्त झालं, थोडं सोडा. म्हणजे जवळची खूण ज्या बाजूला पळेल, त्या बाजूला नाक वळवायचं. मात्र खुणा एकमेकींपासून लांब हव्यात. खडक आणि झाड अगदी लागून असतील तर फरक दिसेपर्यंत तुम्ही बरेच वाहून गेलेले असाल.